ताशा थांबला की सगळे थांबतात

चिपळूणला उतरलो तेव्हा उजाडत होतं. तिथून एसटीने शृंगारतळी आणि पुढे हेदवीच्या बाजूला मित्राच्या गावी. गाडीत सगळे चाकरमानी. शिमग्याला आणि गणपतीला मुंबईत थांबणारा माणूस गुहागर तालुक्यातला नसावाच! प्रत्येकाच्या पिशवीवर नवं टॉवेल-टोपीचं पुडकं, आणि बोलण्यात एकच विषय: आपल्या घरी पालखी कधी येणार.

कोकणात शिमगा सगळीकडे एकाच दिवशी नसतो. काही गावांचे तेरसे शिमगे, म्हणजे त्रयोदशीचे, तर काहींचे भद्रेचे, पौर्णिमेचे. मित्राचा गाव भद्रेचा. होम होऊन गेला होता, देवाला रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, लागली होती आणि पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या गावातल्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली होती. आता ती घरोघर फिरणार होती.

मी गेलो होतो ते मात्र ढोल-ताशासाठी. गेली दोन वर्षं स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराच्या 'टॉप सिक्रेट ड्रम कॉर्प्स' या पथकाचे व्हिडिओ मी वेड्यासारखे बघतो आहे. हे पथक 1991 साली सुरू झालं आणि 2003 मध्ये एडिनबराच्या लष्करी संचलन सोहळ्यात वाजवून आलं. पण त्याचं मूळ गावच्या सणात आहे. बाझलमध्ये हिवाळा सरताना फासनाख्त नावाचा उत्सव असतो. सोमवारी पहाटे 4 वाजता शहरातले दिवे मालवतात आणि अंधारात ढोल आणि बासऱ्या सुरू होतात. पुढे बरोबर 72 तास तो चालतो. हे वाचलं तेव्हा मला आपला शिमगाच आठवला होता.

पहिल्या रात्री मी लांब उभा राहून ऐकलं. चार ढोल, दोन ताशे, एक झांज. गणवेश नाही, कुणी लुंगीवर तर कुणी जीन्सवर. दोघांनी पालखी खांद्यावर घेतली होती आणि ती अशी नाचत होती की आतला देवच पावलं टाकतोय असं वाटावं. मग एका अंगणात गुरवांनी गाऱ्हाण्यासाठी, म्हणजे घरच्यांच्या वतीने देवाला साकडं घालण्यासाठी, हात जोडले आणि सगळी वाद्यं थांबली. एकदम. एकही टिपरू मागे राहिलं नाही. त्या शांततेत गुरवांचा आवाज आणि मागून "व्हय महाराजा!"

थांबायचं हे त्यांना कळतं कसं? खूण कुणी केलेली मला दिसली नव्हती.

दुसऱ्या रात्री मी म्होरक्या ताशेवाल्यांच्या शेजारी जागा धरली. सगळे त्यांना आबा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. ताशा गळ्यात, कमरेशी. तांब्याचं भांडं आणि त्यावर बकऱ्याचं कातडं. बाकीचा ताशा फायबरच्या पानाचा आहे, तो कितीही दव पडलं तरी तसाच कडक वाजतो. आबांच्या ताशाला मात्र समुद्रावरचा दमट वारा लागला की कातडं सैल पडतं. मग वाजवणं थांबवून ते म्हणतात, "पोरा, ताशा नरम पडला. पेंढा आण."

हे शेकणं मी अगदी जवळून बघितलं, कारण पेंढा माझ्याच हातात होता. मूठभर पेंढा पेटवायचा, जाळ उंच झाला की ताशाचं तोंड त्यावरून गोल गोल फिरवायचं. एका जागी धरलं तर कातडं करपतं. मधेच नखाने टिचकी मारून आबा कान जवळ नेत. पहिली टिचकी 'भद्द', मग 'टप', मग 'टण्'. त्या 'टण्'नंतर त्यांनी आणखी दोन फेऱ्या दिल्या. मी विचारलं, आता का? "अंगणात जाईपर्यंत परत उतरणार तो," आबा म्हणाले.

मग थांबण्याचं गूढ उकललं. ढोलवाले आबांकडे बघतच नाहीत, त्यांची नजर पालखीवर असते. आबा मात्र गुरवांकडे बघत असतात. गुरव पुढे सरकले की ताशाच्या काड्या दाट होतात, जणू पावसाची सर वाढली. मग एक काडी मोकळी पडते. ती ऐकली की ढोलांचा एकच ठोका, आणि सगळं बंद. कुणी आकडे मोजत नाही. मधल्या एका अंगणात एका तरुण ढोलवाल्याची लय पळाली, तेव्हा पालखीवाल्यांची पावलं लगेच अडखळली. आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, फक्त ताशा थोडा संथ केला. चार-पाच ठोक्यांत तो पोरगा जाग्यावर आला. लोकांच्या लक्षातही आलं नसेल. एवढी नाजूक सुधारणा मी कुठल्याही मोठ्या कार्यक्रमात ऐकलेली नाही.

दुपारी सहाणेवर पोरांना मी बाझलचा व्हिडिओ दाखवला. काड्यांची तलवारबाजी बघून ती ओरडलीच. एक सातवीतला मुलगा मात्र शेवट तीनदा मागे नेऊन बघत होता. "हे पण आपल्यासारखंच थांबतात बघा काका," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, त्यांचा गुरव कोण?

हाच मुलगा आता आबांकडे शिकतो. आधी वर्षभर झांज, मग ढोल, ताशा सगळ्यात शेवटी. मला वाटतं, गावाने जपायला हवी ती हीच रीत. फायबरचं पान आलं म्हणून बिघडत नाही, पण आधी दुसऱ्याचं ऐकायला लावणारं ते झांजेचं वर्ष सुटता कामा नये.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पालखी खालच्या वाडीत गेली होती. एसटीच्या थांब्यापर्यंत ताशा ऐकू येत नव्हता, भातखाचरांवरून फक्त ढोलाची घुम येत होती. ती मधेच तुटली. खाली कुणाच्या तरी अंगणात गाऱ्हाणं सुरू झालं असणार. मी थांब्यावरच हात जोडले.