सोमवारचा ‘पी’ ड्राइव्ह

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मी बघतो. डिस्पॅचला तीन जुनी विंडोज एक्सपीची मशिनं आहेत. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच बंद केला, पण कारखान्याचं चलनाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही आणि मालक नवीन घेत नाहीत.

तक्रार एकच. सुट्टीनंतर सोमवारी ‘पी’ ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर, दिसत नाही. लॉगइन होताना सर्व्हरवरची एक छोटी बॅच फाइल हा ड्राइव्ह जोडून देते; ती चालतच नव्हती. मी अकराला पोचायचो, मशीन रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह हजर. तीन सोमवार हेच. स्क्रिप्ट नव्याने लिहिली, केबलची टोकं पुन्हा मारली, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासला, नेटवर्क येईपर्यंत थांबायची पॉलिसी लावली. शेवटी मॅनेजरसमोर बोलून गेलो, “मामा घाईत काहीतरी चुकीचं दाबत असतील.” मामा म्हणजे डिस्पॅचचे कारकून, सव्वीस वर्षांची नोकरी. ते तिथंच उभे होते. काही बोलले नाहीत.

चौथ्या सोमवारी कुलूप उघडायच्या आधी जाऊन थांबलो. मामांनी लॉगइन केलं आणि माउस सरळ कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला. तारीख होती १ जानेवारी २००२.

“हे काय करताय मामा?”

“तारीख लावतोय सर. नाहीतर चलनावर २००२ छापून येतंय. दर सोमवारी लावतो की.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही ड्राइव्हचं विचारलं. घड्याळाचं कुठं विचारलं?”

सगळा उलगडा तिथंच झाला. मशीन आणि सर्व्हरच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की कर्बेरॉस, म्हणजे लॉगइन करणाऱ्याची ओळख पटवणारी सर्व्हरची पद्धत, ओळख नाकारतं. एक्सपी मात्र साठवलेल्या जुन्या पासवर्डवर आत घेतं, त्यामुळे लॉगइन झाल्यासारखं वाटतं आणि स्क्रिप्ट राहून जाते. मी येईपर्यंत मामांनी तारीख लावलेली असायची, म्हणून रीस्टार्टनं सगळं सुरळीत. मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी काढून मीटर लावला: ३ व्होल्टच्या जागी १.१. तिन्ही मशिनांत तेच. एरवी मशीन बंद केलं तरी प्लगमधून येणाऱ्या करंटवर घड्याळ चालू राहतं, म्हणून मेलेली बॅटरी आठवडाभर कळत नाही. सुट्टीला मात्र मेन स्विचच पाडतात. मे २०२५ मध्ये याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले, तेव्हापासून. तो स्विच चालू ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही.

तीन बॅटऱ्या, वीस मिनिटांचं काम. मग केबिनमध्ये जाऊन सांगितलं, मामांची काही चूक नव्हती, माझीच होती. मॅनेजर “बरं बरं” म्हणाले आणि फोनला लागले. मामा तेव्हा खाली ट्रक भरून घेत होते. त्यांच्यासमोर बोललो होतो, त्यांच्यासमोरच सांगायचं अजून राहिलंय.