बिल्ड हिरवा, फोल्डर रिकामं

मंगळवारी दुपारी टेस्टिंगमधली सहकारी लॅपटॉप उघडा धरूनच माझ्या डेस्कशी आली. "टेस्टना १२ मिनिटं लागायची ना? कालपासून मिनिटभरही लागत नाहीये. काही बदललंय का?"

बदललं होतं. शनिवारी मी जेन्किन्स, म्हणजे आमचे बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, नव्या सर्व्हरवर आणला आणि आणताना डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या फाइल्स असलेल्या बंदिस्त डब्यात, बसवला. पाइपलाइनमधल्या, म्हणजे बिल्डच्या टप्प्यांमधल्या, डॉकरच्या कमांड आतूनही चालाव्यात म्हणून सर्व्हरचं डॉकर सॉकेट (सर्व्हरवरच्या डॉकरशी बोलायचं दार) त्या कंटेनरला जोडून दिलं. सोमवारपासून सगळे बिल्ड हिरवे, म्हणजे पास. वेळ कमी झालेला मीही पाहिला होता, पण सर्व्हर नवा आहे, म्हणून सोडून दिलं.

लॉग उघडला. टेस्टच्या टप्प्यात टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टने स्वच्छ लिहिलं होतं: 'कलेक्टेड झिरो आयटम्स'. एकही टेस्ट चालली नव्हती.

स्क्रिप्टमधली ओळ जुनीच होती: डॉकर रन, मायनस व्ही देऊन चालू फोल्डर कंटेनरच्या आत जोडायचं आणि तिथे पायटेस्ट चालवायचं. मी सर्व्हरवर लॉगिन करून तोच वर्कस्पेसचा (बिल्डच्या फोल्डरचा) पाथ टाकला. खरं तर तो तिथे असायलाच नको होता, कारण जेन्किन्सचं सगळं सामान वेगळ्या व्हॉल्यूममध्ये (डॉकरने स्वतंत्र ठेवलेल्या साठ्यात) होतं. फोल्डर मात्र होतं. मालक रूट, तारीख सोमवारची, आत काही नाही.

तिथे उलगडा झाला. कमांड जेन्किन्सच्या कंटेनरमधून जाते, पण कंटेनर उभा करतो तो बाहेरच्या सर्व्हरवरचा डॉकर. मी दिलेला पाथ त्याने स्वतःच्या डिस्कवर शोधला. मायनस व्हीने दिलेला पाथ नसेल तर डॉकर तक्रार करत नाही, त्या नावाचं रिकामं फोल्डर बनवून जोडून देतो. ही सोय मला आजही पटत नाही. माउंट हा पर्याय वापरला असता तर पाथ नाही म्हणून तिथेच एरर आली असती.

तरी बिल्ड हिरवा कसा? टेस्ट सापडल्या नाहीत तर पायटेस्ट शेवटी ५ हा कोड देतो (शून्य म्हणजे सगळं ठीक), म्हणजे बिल्ड पडायलाच हवा होता. पण आउटपुट फाइलमध्येही जावं म्हणून कोणीतरी पुढे पाइप देऊन टी (आउटपुट स्क्रीनवर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे पाठवणारी कमांड) जोडलेलं होतं. पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी कळवणारी सेटिंग) लावलेलं नसलं की शेलला शेवटच्या कमांडचाच कोड दिसतो, आणि टीचं काम तर नीट झालेलं. शून्य. जुन्या सर्व्हरवर टेस्ट फेल झाली असती तरी हे असंच झाकलं गेलं असतं, हे लक्षात आल्यावर मला जास्त धास्तावायला झालं.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. व्हॉल्यूम्स-फ्रॉम देऊन जेन्किन्सच्या कंटेनरचेच व्हॉल्यूम टेस्टच्या कंटेनरला दिले, टी काढून टाकलं आणि रिपोर्ट जेयुनिटच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे जेन्किन्सला वाचता येणाऱ्या फाइलमध्ये, घेतला. आता रिपोर्टच नसेल तर जेन्किन्स स्वतः बिल्ड पाडतो.

मॅनेजरना सांगून बुधवारचा रिलीज थांबवला. दोन दिवसांत ९ कमिट (कोडमधले बदल) आत गेले होते. रात्री साडेनऊला सगळ्यांवर मिळून टेस्ट लावल्या आणि आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसून राहिलो. ११ मिनिटं ४० सेकंद. बिल्ड लाल. दोन टेस्ट पडल्या होत्या, त्यातली एक बिलिंगची: रद्द केलेल्या वस्तूवरही कर धरला जात होता.

"हे उद्या ग्राहकांच्या बिलात गेलं असतं," ती म्हणाली. मी तो कोड लिहिणाऱ्याला फोन लावला.