हरलेला कुठंय?

आपल्या शाळेत इतिहासाच्या तासाला विजयाचं कुठलंही चित्र निघालं की आपले सर विचारायचे, "जिंकलेला दिसतोच आहे. हरलेला कुठंय?" अलिबागच्या वर्गात बसून रोमची विजयाची कमान बघायची, तीही पुस्तकात पोस्टाच्या तिकिटाएवढी, त्यात हरलेला काय सापडणार! पुढे नोकरीपायी युरोपात राहणं झालं. रोमला गेलो की सरांचा प्रश्न घेऊनच हिंडायचो.

रोमन सम्राट टायटसची कमान सगळ्यांत साधी, एकाच दाराची. त्याने इ.स. ७० मध्ये जेरुसलेम घेतलं, तेव्हा तिथलं ज्यूंचं मंदिर उद्ध्वस्त झालं. टायटस वारल्यावर, ८१ च्या सुमारास, त्याचा भाऊ डोमिशियन याने ही कमान उभारली. आतल्या भिंतीवर मिरवणूक कोरली आहे: मंदिरातून लुटलेला सात शाखांचा दीपवृक्ष रोमन लोक खांद्यावर वाहून नेताहेत. माझ्या बाकावर बसणारा मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू होता. कोकणात पूर्वी त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. त्या मंदिराच्या गोष्टी मी त्याच्या आजीकडून ऐकल्या होत्या, चक्क मराठीत. दहावीनंतर ते कुटुंब इस्रायलला गेलं. त्या देशाच्या राजचिन्हावरचा दीपवृक्ष याच कमानीवरच्या शिल्पावरून घेतलेला आहे. म्हणजे लुटणाऱ्यांनी मिरवण्यासाठी कोरलं, आणि लुटलेल्यांच्या वारसांनी ते परत उचललं. रोममधले ज्यू मात्र या कमानीखालून जात नसत.

माझं मन सगळ्यांत जास्त रमलं ते सम्राट ट्रॅजनच्या स्तंभापाशी. डेशिया, म्हणजे आजचा रुमेनिया, ट्रॅजनने दोन युद्धांत जिंकला; दुसरं संपलं १०६ मध्ये. स्तंभ झाला ११३ मध्ये. संगमरवराचा सुमारे ३० मीटर उंच खांब, आतून १८५ पायऱ्यांचा गोल जिना, आणि बाहेरून गुंडाळत वर गेलेला, उलगडला तर जवळजवळ २०० मीटर भरेल असा शिल्पपट्टा. गंमत म्हणजे त्यात लढाया त्या मानाने कमी. पूल बांधणं, झाडं तोडणं, तळ उभारणं, सैन्यापुढे भाषण, देवाला बळी, हेच जास्त. खात्याचा वार्षिक अहवाल वाचतोय असं कधीकधी वाटतं! पण अगदी वरच्या फेऱ्यांत डेशियाचा राजा डेसेबॅलस आहे. रोमन घोडेस्वार अंगावर आलेत, आणि हाती लागण्याआधी तो झाडाखाली स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवतोय. शिल्पकाराने त्याला हास्यास्पद केलेलं नाही. एवढं मन लावून कोरलेलं, आणि खालून ते दिसत नाही. मी नीट पाहिलं ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. तिथे याच स्तंभाचा प्लास्टरची प्रतिकृती दोन तुकडे करून उभी केली आहे. अखंड स्तंभ छतात मावला नसता. रोममधल्या मूळ स्तंभाच्या टोकावर आता ट्रॅजन नाही, १५८७ पासून संत पीटर आहे.

सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर (३१५) तर हरलेला रोमनच. ३१२ मध्ये रोमजवळच्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईत त्याचा प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियस टायबर नदीत बुडाला. त्याचे सैनिक बुडताना कोरलेत, पण कमानीवरच्या कोरीव लेखात मॅक्सेंटियसचं नाव नाही, नुसतं 'जुलमी' म्हटलंय. घरच्याच माणसांना हरवल्याची कमान कशी सजवायची? मग जुन्या सम्राटांची शिल्पं काढून आणून बसवली, त्यातल्या सम्राटांचे चेहरे बदलून कॉन्स्टंटाइनचे केले. वर उभे असलेले कैदी डेशियाचेच, ट्रॅजनच्या काळातले. दोनशे वर्षांनी पुन्हा कामाला लावलेले.

सम्राट सेव्हेरसच्या कमानीवर (२०३) पार्थियन, म्हणजे इराणकडचे, कैदी आहेतच, पण मला खटकतो त्याचा धाकटा मुलगा गेटा. थोरल्या भावाने त्याला मारवलं आणि लेखातली त्याच्या नावाची ओळ खोडून तिथे दुसरीच स्तुती भरली. जुन्या धातूच्या अक्षरांची भोकं अजून दिसतात.

आपल्या शाळेच्या महोत्सवानिमित्त ट्रॅजनच्या स्तंभाचा अख्खा शिल्पपट्टा फोटोंच्या रूपात शाळेला देतोय. मुख्याध्यापकांनी मधल्या जिन्याची भिंत दाखवली आहे. क्रम थोडा बिघडला तरी चालेल, पण डेसेबॅलस पाचवीच्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा, एवढीच माझी अट आहे.