गेम तोच, अपडेटची तऱ्हा वेगळी

परभणीत आमच्याकडं अजून बऱ्याच पोरांचं गेमिंग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं, रोजचा दीड जीबी, रात्री बारा वाजले की नवा. त्यामुळं गेम कोणता यापेक्षा त्याचा अपडेट कसा येतो यावरच आमची भांडणं जास्त.

स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाईन दुकानाच्या ॲपवर, तुम्ही काही करायचंच नाही. गेमच्या फाईलींचे साधारण एकेक एमबीचे तुकडे केलेले असतात, नव्या व्हर्जनमध्ये जेवढे तुकडे बदलले तेवढेच उतरतात. डेटाच्या हिशोबानं लई भारी. पण गेमवाल्यानं सगळा माल एकाच तीस-चाळीस जीबीच्या पॅक फाईलीत कोंबलेला असला की डाऊनलोड होतं थोडंसं आणि मग स्टीम ती अख्खी फाईल डिस्कवर नव्यानं बांधत बसतं, जुनी तशीच ठेवून शेजारी नवी, म्हणजे तेवढी जागा पण मोकळी पाहिजे. आता जुना लॅपटॉप, साधी हार्ड डिस्क, डाऊनलोडचा आकडा शून्यावर, डिस्कची रेघ मात्र एकसारखी वर, अन् तेवढ्यात लाईट गेली की बसा बोंबलत.

अन् अपडेट आला की प्लेच्या बटणाच्या जागी अपडेटचं बटण येतं, मग आज नको म्हणायची सोय नाही. गेम चालू करतानाच अपडेट कर किंवा अमुक तासांतच कर एवढं सेटिंगमध्ये सांगता येतं, मी पहाटेचं लावलंय. मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल, ते वापरणाऱ्यांचं तर विचारूच नका, गेम पुढं गेला अन् मॉड मागं राहिला की सगळा बट्ट्याबोळ.

गॉग हे असंच दुसरं गेमचं दुकान, त्याचा ऑफलाईन इन्स्टॉलर याच्या बरोब्बर उलटा. डीआरएम, म्हणजे कॉपीवरचं कुलूप, नाही, पेनड्राईव्हवर घेऊन कुठंही टाका. पण अपडेट आला हे तो इन्स्टॉलर तुम्हाला सांगत नाही, साईटवर जाऊन तुम्हीच बघायचं, नशिबात असलं तर छोटा पॅच मिळतो, नाहीतर पावशेर साखरेसाठी अख्खं पोतं परत आणा. कधीकधी इन्स्टॉलर उशिरा पण येतो. गॅलेक्सी हा त्यांचा क्लायंट, म्हणजे ॲप, टाकला तर स्टीमसारखंच आपोआप होतं, अन् जुन्या व्हर्जनवर परत पण जाता येतं.

मला विचाराल तर हे सगळ्यात नीट जमवलंय फॅक्टोरिओ या फॅक्टरी बांधायच्या गेमवाल्यांनी. स्टीमवर घेतला तरी त्यांच्या साईटवर अकाऊंट जोडलं की स्टीमशिवाय चालणारा स्टँडअलोन पण मिळतो, त्यात गेमच्या आतच अपडेटर आहे, करायचा का नाही ते तुम्ही ठरवा. झिपवाली कॉपी तर जिथं उघडाल तिथं राहते, सेव्ह अन् मॉड तिच्याच फोल्डरात. म्हणून माझ्याकडं एक जुन्या मॉडांसाठी अन् एक चालू व्हर्जनची, दोन्ही शेजारी शेजारी. २१ ऑक्टोबर २०२४ ला २.० आला तेव्हा स्टीमवाल्या मित्रांचा आपोआप पुढं गेला, १.१ ची फॅक्टरी अर्धवट राहिलेल्यांना स्टीममधल्या बीटा नावाच्या व्हर्जनच्या यादीतून जुनं व्हर्जन निवडावं लागलं, मी आपला निवांत.

पण एकत्र खेळायचं असलं तर सगळ्यांचं व्हर्जन सेम लागतं, तिथं माझा निवांतपणा संपतो, पुण्यातला चुलतभाऊ सर्व्हर टाकतो अन् आधी अपडेट कर म्हणतो. तेव्हा सेव्हचं फोल्डर आधी कॉपी करून ठेवा, नव्यात सेव्ह केलेली फॅक्टरी जुन्यात परत उघडत नाही.