आमची वाटचाल: समुद्र आठ तासांवर

“सोलापुरात स्कूबा? मग बघायचं काय, उजनीतली चिलापी?” चहाच्या टपरीपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारलंय. साहेबांनी हसून विचारलं आणि कर्ज नाकारलं. मग घरच्या टॉवेल कारखान्यातला माझा वाटा भावाला दिला आणि त्या पैशात स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकवायला सुरुवात केली.

मुळात हे डोक्यात शिरलं मालवणला, सहलीत. होडीत पाच मिनिटं सूचना झाल्या, त्याही दुसऱ्याच्या पाठीवर सिलिंडर चढवता चढवता. खाली जाताच कान ठणकायला लागले. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं, तेही दुखायच्या आधी, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात कॅमेरा समोर आला म्हणून मी हौसेने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’! सोबतच्या माणसाने मला तिसऱ्या मिनिटाला वर आणलं. फोटो झकास आला. कान मात्र दोन दिवस बंद होते.

अशा सहलीच्या डुबकीशी माझं भांडण नाही, ती चव बघण्यापुरती असते. पण लोक परत येऊन ‘स्कूबा शिकलो’ म्हणतात, तिथे खटकतं. खऱ्या पहिल्या कोर्सला, ज्याला ‘ओपन वॉटर’ म्हणतात, 200 मीटर न थांबता पोहावं लागतं, 10 मिनिटं तरंगावं लागतं, तरण तलावात धडे होतात आणि मग समुद्रात 4 डुबक्या. एवढं केल्यावरही परवानगी 18 मीटरपर्यंतचीच. मी तो कोर्स केला, पुढे प्रशिक्षक झालो आणि सोलापुरात एका तरण तलावाची पहाटेची वेळ भाड्याने घेतली. नियमाने समुद्रात एका प्रशिक्षकामागे आठ शिकाऊ चालतात. आम्ही चारच घेतो. हिशेबात हे बसत नाही, बायको दर मार्चला आठवण करून देते.

आमचे सगळ्यात अवघड विद्यार्थी कोण, तर पट्टीचे पोहणारे. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली पोरं. “सर, एका दमात तळाची माती आणतो.” अरे बाबा, तीच खोड तर मोडायची आहे! विहिरीत श्वास वर घेतलेला असतो. खाली तो आक्रसतो, वर आला की होता तेवढाच होतो. स्कूबात श्वास खाली घेतलेला असतो. समुद्रात 10 मीटरवर दाब दुप्पट. तिथे छातीभर हवा घेऊन दम धरला आणि वर आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. तलावाच्या खोल टोकालाही हा धोका असतोच. म्हणून पहिला आठवडा एकच काम: श्वास चालू ठेवायचा, तोंडातून रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) निघाला तर बारीक बुडबुडे सोडत राहायचं. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

एक बाई आल्या होत्या, शाळेत शिक्षिका, वय 52. पोहणं उत्तम, पण मास्कमध्ये पाणी शिरलं की नाकाने श्वास ओढायच्या आणि ठसकत उभ्या राहायच्या. तीन पहाटा हेच. मग आम्ही मास्क काढूनच ठेवला. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसायचं, नाक उघडं, आणि तोंडाने रेग्युलेटरमधून श्वास. शंभर श्वास त्या बोटांवर मोजायच्या. सहाव्या दिवशी मास्क भरला, त्यांनी वरची कड कपाळाला दाबली, मान वर केली, नाकाने सावकाश सोडलं आणि पाणी खालून निघून गेलं. मालवणात होडी धक्क्याला ताटकळत असती तर हे सहा दिवस कुठून आणले असते? समुद्र जवळ नाही म्हणून आम्हाला घाई नाही. धंद्याचं भांडवल म्हणाल तर तेच.

सामानाने मात्र रडवलं. इथल्या 42-43 अंशांत रबराच्या वाद्या पहिल्याच उन्हाळ्यात चिरल्या. हवा भरायचा प्रश्न आला तेव्हा लूमवाल्या शेजाऱ्याने दिलदारपणे सांगितलं, “आमचा कॉम्प्रेसर आहे की, घ्या भरून ऑक्सिजन!” एक तर तो ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते. दुसरं, कारखान्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बार दाबाचा, आम्हाला लागतात 200, आणि त्यात तेलाची वाफ चालत नाही. श्वासाच्या हवेचा, फिल्टरवाला वेगळा कॉम्प्रेसर घेतला. जुनाच घेतला, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

समुद्रातल्या डुबक्या ऑक्टोबर ते मे, मालवणला. शेवटच्या डुबकीनंतर लगेच निघायचं नाही, यावरून दर बॅचला वाद होतो. खालच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो; त्याआधीच उंचावर, कमी दाबात गेलं तर त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. विमानाआधी 18 तास थांबा म्हणतात ते त्यासाठीच. आम्हाला तर घाट चढून देशावर यायचं असतं; कोल्हापूरच समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच. “एका रात्रीचं भाडं वाढवता होय?” असं तोंडावर ऐकलंय. आता ती रात्र फीमध्येच धरतो. संध्याकाळी सुरमई तळली जाते, घरून नेलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघते, आणि सकाळी गाडी सुटेपर्यंत वाद मिटलेला असतो.