फरक आला, पण कशामुळे?

पीएचडीच्या प्रयोगातला सर्वांत कसोटीचा काळ कोणता, असं कुणी विचारलं तर मी प्रयोगाआधीचे महिने सांगेन. माझा प्रश्न दिसायला साधा होता. मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी एकदा वाचून पान मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं, तर तो जास्त दिवस लक्षात राहतो का? आराखड्याच्या दर बैठकीत मार्गदर्शक मॅडमचा सवाल ठरलेला असायचा : "समज, फरक आला. तो तुझ्या पद्धतीमुळेच आला कशावरून?" आंतरिक सप्रमाणता म्हणजे या सवालाला टिकेल असं उत्तर.

एका तुकडीला नवी पद्धत, दुसरीला जुनी, ही विभागणी सर्वांत सोयीची होती. पण तुकडीबरोबर शिक्षक बदलतात, तासाची वेळ बदलते. शिवाय अख्खी तुकडी एका गटात टाकली की विद्यार्थी कितीही असोत, तुलनेसाठी खऱ्या अर्थाने दोनच एककं उरतात. म्हणून एकेका विद्यार्थ्याची यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडलेली, विभागणी करायचं ठरलं. हजेरी क्रमांकाच्या सम-विषमवर भागत नाही, कारण पुढचा कुठल्या गटात जाणार हे आधीच कळतं आणि नावं घेणाऱ्याचा कल नकळत त्यात उतरतो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी यासाठीच बंद पाकिटं वापरली होती. आम्हीही तोच मार्ग धरला. संगणकाने काढलेला क्रम एका मैत्रिणीकडे राहिला. जाड, आतलं न दिसणाऱ्या पाकिटांत तिने चिठ्ठ्या घातल्या आणि वर अनुक्रमांक टाकले. विद्यार्थ्याने संमतिपत्रावर सही करायची, पाकिटावर त्याचं नाव लिहायचं, मगच पाकीट फोडायचं. हा क्रम मी एकदाही मोडू दिला नाही.

खरी चर्चा रंगली ती पूर्वचाचणीवर. पूर्वचाचणी, प्रयोग, उत्तरचाचणी हा साचा सगळ्यांच्या हातात बसलेला असतो. इथे मात्र पूर्वचाचणी घेणं म्हणजे दोन्ही गटांना आठवायला लावणं, आणि आठवायला लावणं हाच तर माझा स्वाश्रयी चल, म्हणजे जिचा परिणाम मोजायचा ती गोष्ट! नियंत्रित गटालाही, म्हणजे नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांनाही, त्याची मात्रा मिळाली असती. शिवाय प्रश्न पाहिल्यावर वाचताना नेमकं तेवढ्यावरच लक्ष जातं. सॉलोमन यांनी १९४९ मध्ये चार गटांचा आराखडा मांडला तो हाच परिणाम वेगळा काढण्यासाठी. दोन गटांना पूर्वचाचणी, दोघांना नाही. पण चार गट म्हणजे विद्यार्थी दुप्पट. शेवटी कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांचं १९६३ मधलं म्हणणं कामी आलं : विभागणी खरोखर यादृच्छिक असेल तर पूर्वचाचणी अनिवार्य नाही, केवळ उत्तरचाचणीवर आराखडा उभा राहतो. पूर्वचाचणी गेली. माझ्या मते या प्रबंधातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच.

नमुन्याचा आकार गणिताने ठरला. गटांच्या सरासरींतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) अपेक्षित असेल, सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असं वाटण्याचा धोका) ०.०५ आणि चाचणीची शक्ती (असलेला फरक पकडण्याची शक्यता) ८० टक्के धरली, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. तोच फरक ०.२ वर आणला की आकडा चारशेच्या घरात जातो! मधेच गळणारे धरून आम्ही ६४ पेक्षा थोडे जास्त घेतले. आणि ज्याने काम अर्धवट सोडलं त्यालाही विश्लेषणात मूळ गटातच मोजायचं, हे आधीच लिहून ठेवलं. कंटाळून गेलेल्यांना वगळलं असतं, तर नव्या पद्धतीच्या गटात चिकाटीचेच उरले असते.

बाकीचं भराभर ठरलं. दोन्ही गटांना तोच मजकूर आणि तेवढाच वेळ, नाहीतर फरक वेळेचा की पद्धतीचा ते कळणार नाही. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी संकेतांक, म्हणजे तपासणाऱ्याला गट समजू नये. नैतिकता समितीची एकच अट होती, प्रयोगानंतर नियंत्रित गटालाही ही पद्धत शिकवायची. ती मला मनापासून पटली.

उत्तरचाचणी कधी घ्यायची, हेही महत्त्वाचं होतं. याच प्रश्नावरच्या रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले होते, तर आठवड्याने आठवून लिहिणारे. लगेच मोजलं असतं तर उलटाच निष्कर्ष हाती येऊ शकला असता. म्हणून आम्हीही आठवड्याची मुदत ठेवली, आणि आमच्याकडेही लिहून काढणारा गट पुढे राहिला.

मौखिक परीक्षेत पहिलाच प्रश्न बाह्य सप्रमाणतेवर, म्हणजे निष्कर्ष इतरांना कितपत लागू होतो यावर, आला : स्वखुशीने नाव देणाऱ्या, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा आणि माहितीपर मजकुरावरचा हा निष्कर्ष शाळकरी मुलांना, गणिताला लागू होतो का? मी सांगितलं, या प्रयोगावरून तसं म्हणता येत नाही. प्रबंधाच्या मर्यादांमध्ये तेच लिहिलं आहे. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.