फ्रेमकामाची नोंद: बीडिंगची चौकट आणि कुरडईचा चीक

कासच्या फुलांचं ए-फोर जलरंगचित्र चौकटीत बसलं. आता आईने मॅटीवर भरलेला मोर हाती घेतलाय. माझं धोरण एकच आहे: लाकडात काटकसर करायची, पण चित्राला जे टेकतं त्यात नाही.

तयार खाचेची फ्रेमपट्टी महाग पडते, म्हणून प्लायवुडच्या दुकानातून साधी पाइनची बीडिंग, म्हणजे अरुंद लाकडी पट्टी, आणली. समोर २० मिमी रुंद पट्टी, तिच्या पाठीला बाहेरच्या कडेशी जुळवून १२ × १२ मिमीची दुसरी. फेविकॉलने दोन्ही जोडल्या की आतल्या बाजूला ८ मिमीची खाच तयार होते. खोली १२ मिमी मिळते. त्यात २ मिमी काच, माउंट (चित्राभोवतीचा, खिडकी कापलेला जाड पुठ्ठा) आणि पाठीमागचा बोर्ड मिळून साधारण ३, एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) पाठ ३; वर बारीक खिळे मारायला जागा उरतेच.

पट्टी किती लागेल? काचेचा परीघ अधिक पट्टीच्या रुंदीची आठपट. माझी काच ३०० × ४०७ मिमी, म्हणजे १४१४ अधिक १६०. करवतीत जाणारा भुसा धरूनही सहा फुटांत भागतं.

४५ अंशाच्या कापासाठी प्लॅस्टिकचा माइटर बॉक्स (करवत ठरलेल्या कोनात धरणारी खाचांची पेटी) चालतो, पण समोरासमोरच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या हव्यात. कोन किंचित हुकला तर पॉलिश पेपरवर घासून सुधारता येतो, लांबी हुकली की कोपरा मिटतच नाही. कापलेलं टोक फेविकॉल पिऊन टाकतं. आधी पातळ हात द्यावा, तो मुरला की दुसरा. क्लॅम्पऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी चौकटीभोवती ताणून गुंडाळली, दोन्ही कर्ण मोजले आणि रात्रभर ठेवून दिलं. (सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं पाहतानाही हल्ली माझं लक्ष कोपऱ्यांच्या जोडाकडेच जातं. १९३८ सालच्या त्या संग्रहालयात एवढं पाहण्यासारखं असताना!)

माउंट मात्र आम्लरहितच घेतला. साधा पुठ्ठा काही वर्षांत पिवळा पडतो आणि चित्रावरही डाग उमटवतो. खिडकी २०० × २८७ कापली, म्हणजे चित्राची कडा चहूबाजूंनी ५ मिमी आत दबते. वर आणि बाजूंना ५० मिमी सोडले, खाली ७०. सारखं सोडलं तर चित्र घसरल्यासारखं दिसतं. साताऱ्याच्या पावसात या माउंटचं खरं काम वेगळंच आहे. तो काच चित्रापासून दूर ठेवतो. कागद काचेला टेकला की ओल धरते, बुरशी येते, आणि रंग काचेलाच चिकटतो.

सेलोटेप अजिबात नको. पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या फक्त वरच्या कडेला लावल्या, म्हणजे दमट हवेत कागदाला खाली फुगायला मोकळीक राहते. खळ म्हणून गव्हाचा चीक वापरला, कुरडयांसाठी काढतात तोच! आंबूस वास जाईपर्यंत पाणी बदलत निवळला, मग मंद आचेवर शिजवला. मीठ-हिंग अर्थातच नाही. पुढे कधी बिजागरी काढायची झाली तर ओलसर बोळ्याने सुटते. फेविकॉल असा सुटत नाही.

मोराला चिकटवणं मुळीच नाही. कापड बोर्डावर ताणून पाठीमागे जाड दोऱ्याने समोरासमोरच्या कडा आळीपाळीने शिवत जायचं, मध्यापासून कोपऱ्यांकडे. मॅटीच्या चौकड्या असतात, त्यामुळे ताण वाकडा गेला की लगेच कळतं. आडवी बाजू झाली, उभी बाकी आहे. टाके उंच असल्यामुळे माउंटखाली ५ मिमी फोमबोर्डाच्या पट्ट्या द्याव्या लागतील. मग १२ मिमीची खाच पुरणार नाही, पाठची पट्टी २० मिमीची घ्यावी लागेल. लटकवायची जागा ठरलीय: पश्चिमेची भिंत सोडून, कारण साधी काच उन्हाने दोऱ्याचा रंग उडणं थांबवत नाही. पाठीमागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावेन, म्हणजे भिंतीची ओल थेट लागणार नाही.